कांचनबागच्या फाटकापर्यंत: हैदराबादच्या संरक्षण इंटर्नशिपला खर्च किती?

हैदराबादमधल्या डीआरडीओच्या प्रयोगशाळांत उन्हाळी इंटर्नशिपसाठी विद्यार्थ्याकडून शुल्क घेतलं जात नाही. तरीही नांदेडहून तिथं गेलेल्या मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याच्या घरातून आठ आठवड्यांत साधारण २१ ते ३२ हजार रुपये जातात. त्यातला मोठा वाटा खोली आणि जेवणाचा. उरलेला प्रवास, कागदपत्रं आणि घाईघाईत केलेल्या चुकांचा. खोली-जेवण टळत नाही, चुका टळतात. मी हा लेख मुख्यतः त्या चुका टाळता याव्यात म्हणून लिहितो आहे.

मराठवाड्याला हैदराबाद परकं नाही. १९५६ पर्यंत आपण त्याच राज्यात होतो. काचीगुडा, सुलतान बाजार, इसामिया बाजार या भागांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरं आहेत, १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी संस्था आजही तिथं शिकवते आहे, आणि दखनीतलं ‘नक्को’ कानावर पडलं तर आपल्या मुलांना त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. नांदेडच्या विष्णुपुरीतल्या श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्थेतल्या मुलाला हैदराबाद सुमारे २८० किलोमीटर पडतं, पुणे त्याहून बरंच लांब. तेव्हा संरक्षण क्षेत्रात काही शिकायचं म्हटलं की या भागातली मुलं आधी हैदराबादकडे बघतात. बरोबरच आहे. फक्त ‘हैदराबादला डीआरडीओत करायचंय’ एवढ्या मोघम इच्छेवर पैसे खर्च होऊ लागले की अडचण सुरू होते.

कुठं काय चालतं

आधी जागा नीट समजून घ्या, कारण खोली कुठं घ्यायची हेही त्यावरच ठरतं.

शहराच्या दक्षिणेला कांचनबाग आहे. संरक्षण संशोधन व विकास प्रयोगशाळा, म्हणजे डीआरडीएल, १९६१ मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी हैदराबादला आली. डॉ. कलाम १९८२ मध्ये तिचे संचालक झाले आणि १९८३ मध्ये पृथ्वी, अग्नी, त्रिशूल, आकाश, नाग या पाच क्षेपणास्त्रांचा कार्यक्रम सुरू झाला. १९८८ मध्ये इमारत संशोधन केंद्र, म्हणजे आरसीआय, उभं राहिलं. अग्नी मालिकेचं काम करणारी प्रगत प्रणाली प्रयोगशाळा (एएसएल) ही तिसरी. या तिघींच्या संकुलाला २०१५ पासून डॉ. कलामांचं नाव आहे. मेकॅनिकलच्या दृष्टीनं डीआरडीएलमध्ये रचना, वायुगतिकी आणि प्रणोदन, आरसीआयमध्ये मार्गदर्शन यंत्रणांची यांत्रिक अंगं, तर एएसएलमध्ये कंपोझिट आणि रॉकेट मोटरची आवरणं, असा कल साधारण धरून चाला.

त्याच परिसरात धातुशास्त्राची प्रयोगशाळा डीएमआरएल आहे, स्थापना १९६३. अर्जुन रणगाड्याचं ‘कांचन’ चिलखत इथलंच, आणि त्याचं नावही कांचनबागवरूनच पडलं. २०२२ मध्ये डीआरडीओचे प्रमुख झालेले डॉ. समीर कामत १९८९ मध्ये याच प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले होते. शेजारीच मिश्र धातु निगम, सगळे ज्याला ‘मिधानी’ म्हणतात, १९७३ पासूनचा सार्वजनिक उपक्रम. मारेजिंग स्टील, टायटॅनियम, सुपरअलॉय हे त्यांचं काम. आणि १९७० चं भारत डायनॅमिक्स (बीडीएल), जिथं क्षेपणास्त्रांचं प्रत्यक्ष उत्पादन होतं. बीडीएलचा एक कारखाना कांचनबागला, दुसरा पश्चिमेला भानूरला.

पश्चिमेलाच येद्दुमैलारम इथं मेदकचा आयुध कारखाना आहे. बीएमपी-२, आपल्याकडचं नाव ‘सरथ’, ही पायदळाची चिलखती गाडी तिथं बनते. १ ऑक्टोबर २०२१ पासून हा कारखाना ‘आर्मर्ड व्हेइकल्स निगम’ या कंपनीत गेला आहे. जुन्या ‘आयुध निर्माणी मंडळा’च्या पत्त्यावर अजूनही अर्ज पाठवणारी महाविद्यालयं आहेत. ते मंडळ आता नाही.

खासगी बाजूला आदिबाटला इथं टाटा-बोईंगच्या कारखान्यात अपाची हेलिकॉप्टरचे सांगाडे आणि टाटा-लॉकहीड मार्टिनच्या कारखान्यात सी-१३०जे विमानाचे शेपटीकडचे भाग तयार होतात. पुण्याच्या कल्याणी समूहानं इस्राएलच्या राफाएलबरोबर उभारलेला कारखानाही २०१७ पासून हैदराबादेतच आहे. बालानगरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा एव्हिऑनिक्स विभाग आणि अचूक यंत्रकाम करणारी एमटीएआर, नाचारमला भारत इलेक्ट्रॉनिक्स.

माझं मत स्पष्ट सांगतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलाला क्षेपणास्त्राच्या प्रयोगशाळेपेक्षा धातूच्या किंवा यंत्रकामाच्या कारखान्यात अधिक शिकायला मिळतं. डीआरडीओचा नियमच आहे की विद्यार्थ्यांना फक्त अवर्गीकृत भागात प्रवेश. म्हणजे क्षेपणास्त्र दुरूनही दिसेल याची खात्री नाही. बहुतेक वेळ संगणकावर एखाद्या कंसाचं किंवा नळीचं ताणविश्लेषण करण्यात जाईल. ते काम कमी प्रतीचं नाही. पण ज्याला घणाखाली तापून लाल झालेला टायटॅनियमचा ठोकळा पाहायचा आहे, त्यानं मिधानीचा विचार आधी करावा. ज्याला विश्लेषणच करायचं आहे, त्याला डीआरडीएल उत्तम.

अर्ज: इथं पैसे नाहीत, वेळ लागतो

डीआरडीओची पद्धत सरळ आहे. विद्यार्थ्यानं वैयक्तिक अर्ज करायचा नाही, तो महाविद्यालयामार्फत संबंधित प्रयोगशाळेकडे जातो. मुदत अभ्यासक्रमानुसार चार आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत. जागा असेल आणि संचालकांनी मान्यता दिली तरच निवड. पुढं नोकरी देण्याची कोणतीही बांधिलकी नाही. प्रशिक्षणाच्या काळात दुखापत झाली तर भरपाईची जबाबदारी प्रयोगशाळेची नाही.

हे शेवटचं वाक्य पालकांनी दोनदा वाचावं. मुलाचं वय १८ पूर्ण असेल तर बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा अर्ज भरून द्या. वर्षाचा हप्ता २० रुपये, अपघाती मृत्यूसाठी किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाखांचं संरक्षण. विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होऊन ३१ मे रोजी संपतं, म्हणजे मेमध्ये निघणाऱ्या मुलाला नूतनीकरणाची तारीख मध्येच येते. खात्यात तेवढे २० रुपये ठेवा. महाविद्यालयाचा गट-विमा असेल तर तो राज्याबाहेरच्या इंटर्नशिपला लागू आहे का, हे लेखी विचारून घ्या.

अर्जासोबत महाविद्यालयाचं शिफारसपत्र, बोनाफाईड, आतापर्यंतच्या गुणपत्रिका, एक-दीड पानी माहितीपत्र, आधार आणि फोटो लागतात. सुरक्षेसाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी मागितली जाऊ शकते. महाराष्ट्रात त्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो, शुल्क किरकोळ असतं, पण पोलीस ठाण्यातून प्रमाणपत्र हातात पडायला वेळ जातो. मूळ गाव एक आणि महाविद्यालयाचं शहर दुसरं असेल तर आणखी. परवानगीचं पत्र यायची वाट न पाहता हे काम आधीच उरकून ठेवा.

उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी मेमध्ये धावपळ करून उपयोग नाही. डिसेंबर-जानेवारीत प्रयोगशाळांची अधिकृत पानं पाहायला लागा आणि फेब्रुवारीअखेर पत्र गेलेलं असू द्या. एका वेळी दोन-तीन ठिकाणी अर्ज केला तर गैर नाही, मात्र एक परवानगी स्वीकारली की बाकीच्यांना कळवा. तुमच्या मागं कुणाचा तरी नंबर असतो.

आपल्या विद्यापीठांची एक खास अडचण आहे. परीक्षा पुढं जातात. लेखी मेमध्ये, तोंडी जूनमध्ये, आणि मध्येच एखादा पेपर सरकतो. ठरलेल्या दिवशी हजर झालं नाही तर प्रवेशाची परवानगी पुन्हा काढावी लागते, आणि तोवर खोलीचं भाडं चालूच राहतं. म्हणून अर्जात ‘१५ मेपासून’ असं ठाम लिहिण्याऐवजी ‘विद्यापीठाची परीक्षा संपल्यानंतर, अंदाजे अमुक आठवड्यापासून’ असं लिहा आणि वेळापत्रक लागलं की लगेच तारीख कळवा.

शुल्क कुणाला द्यायचं, कुणाला नाही

काही सार्वजनिक उपक्रम आणि कारखाने विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणासाठी किंवा प्रकल्पासाठी शुल्क घेतात. ते कायदेशीर आहे. ते कळवणारं पत्र संस्थेच्या अधिकृत पत्त्यावरून येतं, रक्कम संस्थेच्या नावाच्या बँक खात्यात जाते, पावती मिळते आणि त्यावर जीएसटी लावलेला दिसतो. या चारपैकी एक गोष्टही कमी असेल तर थांबा.

हैदराबादला अमीरपेट आणि दिलसुखनगर हे शिकवणी वर्गांचे बालेकिल्ले. तिथल्या भिंतींवर, आणि आता मुलांच्या मोबाइलवरही, ‘संरक्षण प्रयोगशाळेत इंटर्नशिप, प्रकल्प आणि प्रमाणपत्रासह’ अशा जाहिराती फिरतात. मागणी पाच हजारांपासून पंधरा-वीस हजारांपर्यंत जाते. हातात पडतो तो एखाद्या सदनिकेतल्या वर्गातला सॉफ्टवेअरचा छोटा अभ्यासक्रम आणि रंगीत कागद. प्रयोगशाळेचं फाटक मुलाला दिसतही नाही. कुणी म्हणेल, ‘आत माझी ओळख आहे, फक्त फाइल हलवायचे द्या.’ अशा माणसाला एक रुपयाही देऊ नका. पैसे गेले तर त्याच दिवशी १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा. पहिल्या काही तासांत रक्कम रोखण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

त्याच पैशांत शिकायचंच असेल तर ॲन्सिसची विद्यार्थी आवृत्ती फुकट मिळते आणि एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानंही फुकट पाहता येतात. जाण्याआधी दोन महिने रोज एक तास दिलात तर पहिल्या आठवड्यात मार्गदर्शकाला तुम्हाला ‘मेशिंग’ म्हणजे काय ते सांगत बसावं लागणार नाही.

खोली: खरा खर्च इथं आहे

कांचनबागच्या संस्थांसाठी संतोषनगर, चंपापेट, सैदाबाद, कर्मनघाट हे जवळचे भाग. हॉस्टेलांची सगळ्यात मोठी निवड दिलसुखनगरला, सहा-सात किलोमीटरवर, आणि तिथं मेट्रोही आहे. आरसीआय आणखी दक्षिणेला आहे. तिथं जायचं असेल तर बालापूर-मीरपेटकडे चौकशी करा. भानूर किंवा येद्दुमैलारमसाठी मात्र दिलसुखनगर म्हणजे शहराचं दुसरं टोक. त्यासाठी पटानचेरू किंवा लिंगमपल्ली धरा. आदिबाटलासाठी एल. बी. नगर किंवा वनस्थळीपुरम, बालानगरसाठी मूसापेट-कूकटपल्ली, नाचारमसाठी हब्सीगुडा. ‘अमीरपेटला मित्र आहे’ म्हणून तिथं राहून कांचनबागला रोज ये-जा करणारा मुलगा तिसऱ्या आठवड्यात थकतो.

तीन जणांच्या खोलीत जेवणासह महिना साधारण साडेपाच ते साडेसात हजार रुपये धरा. दोघांच्या खोलीला दीड-दोन हजार जास्त, एसी घेतला तर त्याहून वर. हे दर २०२५ च्या सुमाराचे आहेत आणि भागानुसार हलतात.

पैसे देण्याआधी काही प्रश्न विचाराच. ॲडव्हान्स किती आणि त्यातून ‘मेंटेनन्स’ म्हणून किती कापणार? हैदराबादच्या हॉस्टेलांत पाचशे-हजार रुपये असे कापायची रीत आहे, आणि तक्ता टांगलेला असला तरी तोंडी कुणी सांगत नाही. सोडण्याआधी किती दिवस कळवायचं? बहुतेक ठिकाणी महिनाभर. तुम्ही राहणारच दोन महिने. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच ‘अमुक तारखेला जाणार’ असं लिहून द्या आणि त्या कागदाचा फोटो काढून ठेवा. नाही तर सगळा ॲडव्हान्स जातो. आठवडाभर जास्त राहावं लागलं तर दिवसाचा दर काय? तो महिन्याच्या हिशेबापेक्षा नेहमीच महाग असतो. मे-जूनमध्ये पाणी टँकरचं की नळाचं, आणि कूलर आहे का? मेमधला हैदराबादचा पारा चाळिशीला टेकतो.

दुपारचं जेवण डब्यात बांधून देतात का, हेही आधीच विचारा. देत असतील तर महिन्याला हजार-दीड हजार वाचतात. आणि आपल्या मुलांसाठी महत्त्वाचं म्हणजे चपाती आठवड्यातून किती वेळा? बहुतेक हॉस्टेलांत दोन्ही वेळा भातच असतो. पहिल्या आठवड्यात पोटाला सवय नसते. संध्याकाळी रस्त्याकडेला ‘जोन्न रोट्टे’ विकणाऱ्या बायका दिसतील. ती आपली ज्वारीची भाकरीच आहे, तिथंच चुलीवर थापून देतात. आठवड्यातून दोनदा ती खाल्ली तर औषधाचे पैसे वाचतील.

प्रयोगशाळेचं पत्र आणि प्रवेशाची तारीख हातात येईपर्यंत खोलीला एक रुपयाही देऊ नका. ‘खोल्या भरतील’ अशी घाई हॉस्टेलवाला करतोच. दिलसुखनगरच्या सगळ्या खोल्या कधीच भरत नाहीत. पहिल्या एक-दोन रात्री नातेवाइकांकडे किंवा साध्या लॉजवर काढा, प्रत्यक्ष पाहून ठरवा. चौकशीला काचीगुडा-इसामिया बाजारातली मराठी मंडळी आणि तिथलं मराठी ग्रंथ संग्रहालय उपयोगी पडतं.

येणं-जाणं

नांदेड, परभणी, छत्रपती संभाजीनगरकडून देवगिरी एक्सप्रेस, पुणे-सोलापूरकडून हुसेनसागर, नागपूरहून सप्टेंबर २०२४ पासून सिकंदराबादची वंदे भारतही आहे. स्लीपरनं नांदेडहून एका बाजूला अडीचशे ते चारशे, पुण्याहून चारशे ते पाचशे असा अंदाज ठेवा. मे महिन्यात लग्नसराईमुळे आरक्षण आधीच भरतं. जायची तारीख पक्की नसेल तर एसटी बरी. ती थेट महात्मा गांधी बसस्थानकापर्यंत, म्हणजे कांचनबागपासून फार दूर नसलेल्या ठिकाणी सोडते.

मुलींच्या बाबतीत एक गैरसमज दूर करायला हवा. एसटीत महिलांना मिळणारी निम्म्या भाड्याची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती आहे, त्यापुढचं भाडं पूर्ण पडतं. आणि तेलंगणात डिसेंबर २०२३ पासून महिलांना साध्या आणि एक्सप्रेस बसमध्ये फुकट प्रवास आहे, पण तो तेलंगणाच्या रहिवाशांसाठी. महाराष्ट्राचा पत्ता असलेल्या आधारवर तिकीट काढावंच लागतं. घरून हिशेब करताना बसचा खर्च शून्य धरू नका.

शहरात मेट्रोचं तिकीट मे २०२५ पासून ११ ते ६९ रुपये आहे, पण कांचनबागपर्यंत मेट्रो जात नाही. एल. बी. नगर किंवा दिलसुखनगरहून पुढं बस किंवा शेअर ऑटो. शहर बसचा महिन्याचा पास जून २०२५ च्या वाढीनंतर साध्या बससाठी १,४०० आणि मेट्रो एक्सप्रेस बससाठी १,६०० रुपये झाला. रोज दोन बस बदलाव्या लागत असतील तरच तो परवडतो. एकाच बसनं जात असाल तर चाळीस-बेचाळीस कामाच्या दिवसांचा हिशेब करून पाहा, सुटी तिकिटं स्वस्त पडतील. आषाढात बोनालूचा सण असतो. त्या रविवारी जुन्या शहरातल्या बसचे रस्ते बदलतात, त्या दिवशी खोली बदलायची किंवा गावी निघायची ठरवू नका.

आठ आठवड्यांचा हिशेब

नांदेडहून, स्लीपरनं, तिघांच्या खोलीत राहून:

कागदपत्रं, फोटो, टपाल: ५०० ते १,०००
रेल्वे, दोन्ही वेळा: ५०० ते ८००
हॉस्टेल आणि जेवण, दोन महिने: ११,००० ते १५,०००
ॲडव्हान्समधून कापलेले: ५०० ते १,०००
बस, मेट्रो, ऑटो: ३,००० ते ४,५००
दुपारचं जेवण, ४० दिवस: २,४०० ते ४,०००
चामडी किंवा सेफ्टी बूट, साधं घड्याळ, कपडे: १,००० ते २,०००
धुणं, फोन, औषधं, किरकोळ: १,५०० ते ३,०००
अहवालाची छपाई आणि बांधणी: ५०० ते १,०००

बेरीज २०,९०० ते ३२,३००. पुण्याहून जाणाऱ्यानं रेल्वेचे दोन-चारशे जास्त धरावेत. याशिवाय पाच हजार रुपये वेगळे ठेवा, आणि मुलाला ते आहेत हे सांगून ठेवा. आजारी पडल्यावर पैशांच्या विचारानं डॉक्टरकडे जायचं टाळणारी मुलं आपल्याच घरात असतात.

फाटकाच्या आत

मोबाइल, पेनड्राइव्ह, स्मार्ट घड्याळ, स्वतःचा लॅपटॉप आत नेता येत नाही. मोबाइल खोलीवरच ठेवलेला बरा. म्हणून तीनशे रुपयांचं काट्याचं घड्याळ यादीत घातलं आहे. दिवसभर मुलाचा फोन लागत नाही म्हणून घरच्यांनी घाबरू नये. निकडीसाठी हॉस्टेलचा क्रमांक लिहून ठेवा.

शासकीय गुपितांचा १९२३ चा कायदा विद्यार्थ्यालाही लागू आहे. आतल्या आकृत्या, फोटो, आकडे समाजमाध्यमावर टाकायचे नाहीत, फाटकासमोरची सेल्फीही नको. अहवाल बाहेर नेण्याआधी तपासला जातो आणि त्यातला काही मजकूर वगळायला सांगितला जातो. शेवटच्या आठवड्यात हे सुरू केलं तर प्रमाणपत्राविना परत यावं लागतं आणि पुढं त्यासाठी पुन्हा एक फेरी पडते. मुदत संपायच्या दोन आठवडे आधी कच्चा अहवाल मार्गदर्शकाच्या हातात द्या, आणि परतीचं तिकीट शेवटच्या दिवसाचं न काढता दोन-तीन दिवस पुढचं काढा. महाविद्यालयाला किती तासांची नोंद आणि कोणत्या नमुन्यात हवी आहे, तो कागद जातानाच सोबत न्या.

विद्यावेतन मिळतं का

उन्हाळ्याच्या चार-आठ आठवड्यांसाठी बहुधा नाही, असंच धरून चाला. डीआरडीओच्या काही प्रयोगशाळांनी अलीकडे सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी महिना पाच हजार देऊ केले, तेही दोन हप्त्यांत, म्हणजे पहिले तीन महिने खिशातूनच. खासगी कंपन्यांत मिळू शकतं. किती, कधी आणि खात्यावर की हातात, हे नेमणूकपत्रात लिहिलेलं असू द्या.

केंद्राच्या प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेत २०२४ मध्ये महिना पाच हजार होते, पण तेव्हा ती पूर्णवेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी नव्हती. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतले पदवीधराचे दहा हजारही चालू विद्यार्थ्याला आणि हैदराबादच्या कामाला मिळत नाहीत. घरची परिस्थिती खरोखर ओढगस्तीची असेल तर माझा सल्ला असा की उन्हाळ्यात हैदराबादचा हट्ट धरू नये. पदवीनंतर याच संस्थांत वर्षभराची अप्रेंटिसशिप निघते. २०१९ च्या नियमांनी पदवीधराला महिना किमान ९,००० आणि पदविकाधारकाला ८,००० ठरले. तीस हजार खर्चून दोन महिने पाहण्यापेक्षा पगार घेऊन वर्षभर शिकणं केव्हाही चांगलं.

आणि पुण्यात किंवा अहिल्यानगरला राहणाऱ्यानं घराजवळचं आधी पाहावं. तोफा आणि पिनाकासाठी पाषाणची एआरडीई, लष्करी पूल आणि वाहनांवरच्या यंत्रणांसाठी दिघीची प्रयोगशाळा, वाहनांसाठी अहिल्यानगरची व्हीआरडीई, अंबरनाथला नौदलाच्या सामग्रीची. मेकॅनिकलला तिथं कामाची कमी नाही, आणि खोलीचे पंधरा हजार वाचतात. क्षेपणास्त्राची रचना किंवा विशेष धातू हाच ज्याचा विषय आहे, त्यानंच हैदराबादला जावं, आणि त्यानं मात्र जरूर जावं.

या साऱ्यात एक माणूस असा आहे, ज्याच्या कामाला एक पैसा लागत नाही आणि ज्याच्यावाचून अर्ज पुढं सरकत नाही. तो म्हणजे महाविद्यालयाचा प्रशिक्षण व नियुक्ती अधिकारी. शिफारसपत्र टेबलावर पंधरा दिवस पडून राहिलं की मुलाची जागा जाते, आणि मग तोच मुलगा प्रमाणपत्र विकणाऱ्यांच्या दारात उभा राहतो. या अधिकाऱ्यांना हात जोडून विनंती आहे: मुलानं पत्र आणलं की दोन दिवसांत सही करा, आणि ते प्रयोगशाळेला पोहोचलं का, याची चौकशी महाविद्यालयाच्या फोनवरून स्वतः करा.